आषाढातल्या पिवळ्या रेघा

रत्नागिरी, सोमवार

पहाटेपासून पागोळ्या थांबलेल्या नाहीत. आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या प्रोजेक्टमधल्या वॉर्निंग, म्हणजे एडिटर (कोड लिहायचं साधन) संशयास्पद कोडखाली ओढतो त्या पिवळ्या रेघा, साफ करायच्या तर हेच दिवस. मार्च ते मे रोज काहीतरी बदलत असतं, चार-पाच ब्रँच (कोडच्या समांतर प्रती) उघड्या असतात. त्यात कुणी सगळ्या फाइलींवर फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) फिरवला की प्रत्येकाला कॉन्फ्लिक्ट, त्याच ओळींत दोघांचे बदल. म्हणून आधी उघड्या पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडात घेण्याच्या विनंत्या) मर्ज किंवा बंद, मग झाडू.

पहिल्या दिवशी कोडला हात लावायचा नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबून व्हीएस कोड या एडिटरचं, वॉर्निंगची यादी दाखवणारं प्रॉब्लेम्स पॅनेल उघडायचं आणि दोघा-तिघांच्या लॅपटॉपवरचे आकडे ताडून बघायचे. एकाकडे शेकडो आणि दुसऱ्याकडे सहा असतील तर दुखणं कोडचं नाही, सेटिंगचं आहे. कुणीतरी स्पेलिंग तपासणारं एक्स्टेन्शन घातलेलं असतं. ते रोमन लिपीतल्या 'हापूस', 'खोका', 'पायरी' या प्रत्येक नावाखाली रेघ ओढतं. असे शब्द एका यादीत घालून ती यादी रेपोतच (प्रोजेक्टच्या सामायिक कोडसाठ्यात) ठेवायची. लिंटरची (कोड तपासून वॉर्निंग देणाऱ्या साधनाची) आवृत्ती लॉक फाइलने (आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलने) पक्की करायची, एडिटरची सामायिक सेटिंगही रेपोत.

विंडोजवाल्याकडे प्रत्येक ओळीला वॉर्निंग दिसते तेव्हा बहुतेक वेळा ओळीच्या शेवटच्या अदृश्य खुणेची भानगड असते: विंडोजचं सीआर-एलएफ, बाकीच्यांचं नुसतं एलएफ. गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये एलएफ ठरवायचं, गिट ॲडला रिनॉर्मलाइझचा पर्याय देऊन एकदा चालवायचं आणि त्याचा कमिट (बदलांची एक नोंद) वेगळा. एवढ्यावर निम्मा आरडाओरडा थांबतो.

मंगळवार

आपोआप होणारी दुरुस्ती. इएसलिंट या आमच्या लिंटरला फिक्स सांगितलं की काम मिनिटाचं, पण तपासणाऱ्याचे हाल. एका नियमाचा एक कमिट, आणि त्यात हाताने केलेला एकही बदल नाही. त्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, गिटच्या ब्लेम या आज्ञेतून वगळायच्या यादीत टाकायचा. ही सोय गिटमध्ये २०१९ च्या २.२३ पासून आहे. नाहीतर पुढे कुठलीही ओळ कुणी लिहिली विचारलं की झाडूवाल्याचंच नाव येतं.

सेव्ह करताना इम्पोर्ट (दुसऱ्या फाइली आणणाऱ्या ओळी) आवरणारी एडिटरची सोय या आठवड्यात बंद ठेवलेली बरी. न वापरलेलं म्हणून ती जे काढते, त्यातली एखादी फाइल नुसती लोड होण्यासाठीच आणलेली असते, तारखांचं मराठी फॉरमॅट नोंदवणारी वगैरे. तिथे नाव काढायचं, इम्पोर्ट ठेवायचा.

बुधवार

दुपारी लाइट दोनदा गेली. आजची कामं हाताची.

दोन बरोबरच्या चिन्हांखाली रेघ दिसली की तिसरं घालायचा मोह होतो. ऑर्डरीतली सूट == नल (रिकामी) असेल तर शून्य धरा, अशी ओळ घ्या. == नल मध्ये अनडिफाइन्डही (किंमत दिलेलीच नाही) पकडलं जातं. === केलं की सूट हा रकानाच नसलेल्या जुन्या ऑर्डरी त्यातून निसटतात, किमतीतून अनडिफाइन्ड वजा होतं आणि बिलावर रकमेच्या जागी नॅन ('संख्या नाही') छापून येतं. इथे नियमालाच नलपुरती सवलत द्यावी. कोड बरोबर आहे.

आणि ही खास आपली. पत्त्यांच्या यादीत 'पऱ्या' (ओढा) या शब्दाजवळ एडिटरने चौकट दाखवली: अदृश्य अक्षर. तो झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारी रुंदी नसलेली खूण. चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि हा जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अदृश्य म्हणून जॉइनर पुसला की ओढ्याचा पऱ्या रफार घेऊन 'पर्या' होतो. तसाच ठेवला तर ग्राहकाने पहिल्या तऱ्हेने टाइप केलेला पत्ता शोधात सापडत नाही, कारण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोड या अक्षरांच्या मानकाचं नॉर्मलायझेशन, म्हणजे समान क्रम एकरूप करणं, इथे उपयोगी नाही, त्याच्या लेखी हे दोन क्रम समान नाहीत. शोधाच्या आधी र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारं छोटं फंक्शन लिहायचं, यादीलाही आणि ग्राहकाच्या मजकुरालाही तेच लावायचं. चौकट बंद करून पुढे गेलं असतं तर हे कळलंच नसतं.

शुक्रवार

आता कुलूप. सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) मॅक्स-वॉर्निंग्स, म्हणजे चालतील तेवढ्या वॉर्निंगची मर्यादा, शून्यावर, पण अगदी शेवटी. सोमवारी लावलं असतं तर सगळ्यांचंच काम अडलं असतं. शून्य गाठता येत नसेल तर काही जण आजचा आकडाच मर्यादा म्हणून घालतात. मला ते पटत नाही: एकाने दहा काढल्या, दुसऱ्याने दहा नव्या घातल्या, आकडा तोच. त्यापेक्षा जो नियम शून्यावर आला तो वॉर्निंगवरून एररवर (काम अडवणाऱ्या चुकीवर) न्यावा, आणि जो कुणीच पाळत नाही तो सरळ बंद करावा.

उरलेल्या जागी पुढच्या ओळीपुरता नियम बंद करणारी कमेंट, कारणासकट. पूर्ण फाइलीला गप्प करणारी कमेंट दिसली की ती परत पाठवायची. कारण संपल्यावर मागे राहिलेल्या अशा कमेंटींवर इएसलिंट ९ स्वतःच वॉर्निंग देतो. आज तशा तीन निघाल्या, तिन्ही गेल्या हंगामातल्या.