निळं, पण गोकर्णाचं

शनिवार, रात्री उशिरा

भाचीची फर्माईश होती, "मावशी, आज निळं कॉकटेल कर ना." निळं म्हटलं की सगळ्यांचा हात ब्लू क्युरासाओच्या बाटलीकडे जातो. माझ्या कपाटात ती नाही आणि आणायचीही नाही. क्युरासाओ हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. स्पॅनिश लोकांनी तिथे नेलेली व्हॅलेन्शियाची संत्री त्या कोरड्या मातीत कडू निघाली, खाण्याजोगी राहिली नाहीत. पण सालीतलं तेल मात्र विलक्षण सुवासिक. त्या वाळवलेल्या सालींचं लिक्युअर, म्हणजे गोड सुवासिक दारू, मुळात पाण्यासारखं स्वच्छ असतं. निळाई येते ती खाण्याच्या रंगाने, तिला ना वास ना चव. वरून फासलेला रंग मला नको वाटतो.

माझ्याकडे क्वान्त्रो असते, तीही संत्र्याची लिक्युअरच. फ्रान्समधल्या आँजे गावची, कडू आणि गोड अशा दोन्ही संत्र्यांच्या सालींची, ४० टक्के अल्कोहोलची. बिनरंगी. बर्फावर ओतली की हळूहळू दुधाळते, कारण अल्कोहोलमध्ये विरघळलेलं सालीचं तेल थंड पाणी मिळताच बारीक थेंब होऊन वेगळं व्हायला लागतं. सालीचं तेल भरपूर असल्याची ही खूण मला फार आवडते.

सकाळी देवासाठी गोकर्ण काढले, त्यातली मूठभर फुलं बाजूला ठेवली होती. हिरवे देठ काढून ती जिनमध्ये टाकली. दुपारपर्यंत जिन गडद निळी. व्हाइट लेडी या कॉकटेलचं माप ४० मिली जिन, ३० क्वान्त्रो, २० लिंबू. आपलं कागदी लिंबू जहाल, म्हणून मी १५ वर थांबते. हे खरं तर शेकरमध्ये एकत्र हलवायचं, पण मग गंमत दिसत नाही. त्यामुळे लिंबू शेवटी, भाचीच्या हातात दिलं. रस पडला तिथून जांभळी रेघ बर्फाच्या फटीतून खाली उतरली, दुसरी तिच्या शेजारून, आणि ढवळल्यावर अख्खा ग्लास जांभळा. फुलातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला आम्ल लागलं की हे होतंच, तरी दर वेळी मी टक लावून बघते.

लाल रंगासाठी कोकमाचं आगळ. मार्गारिटा या कॉकटेलात ५० मिली टकीला, २० क्वान्त्रो आणि लिंबाच्या जागी आगळ. आगळात मीठ असतंच, ग्लासच्या कडेला वेगळं लावायला नको. आजचा सगळ्यात चांगला ग्लास हाच. क्वान्त्रोऐवजी साखरेचा पाक घातला असता तर नुसतं सरबत झालं असतं. क्वान्त्रो गोडवा देते आणि मागे सालीचा कडवटपणा ठेवून जाते, त्यामुळे आंबट, खारट आणि तिखट दारू एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. भाचीला दोन ग्लासांवर थांबवलं आणि पोटभर जेवायला घातलं.

आता आंबिया बहाराची नागपुरी संत्री आली की साली व्होडकात मुरवून बघायच्या. आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकायचा. नागपुरी साल पातळ आणि वासाला गोड, कडूपणा कमी पडेल. सोबत पपनसाची थोडी साल घालावी म्हणते.