लाडू वळतो, डाव वाकतो

रव्याच्या लाडवांचा पाक माझ्याकडून जरा पुढे गेला. परातीत हात घातला तर रवा मुठीत धरेना, बोटांमधून सुटून परत खाली. आई ओट्याला टेकून बघत होती. "दाबू नकोस गं, वळ," म्हणाली, आणि थोडं कोमट दूध शिंपडून तिनं एक लाडू वळून दाखवला. मूठ मिटलेली, पण आवळलेली नाही. लाडू तळव्यातल्या तळव्यात फिरतोय आणि फिरता फिरता गोल होतोय. मी जोर लावून केलेल्या लाडवावर चार बोटांचे चार खड्डे होते.

त्याच परातीत ताठरलेला रवा उकरताना ॲल्युमिनियमचा जुना डाव दांड्यात वाकला. लाडू वळतो, डाव वाकतो. उलटं कुणी म्हणणार नाही. सरळपणा तर दोन्हींत जातो. मग फरक कुठे?

माझा हिशेब असा, की वाकायला ओझं पुरतं, वळायला हात लागतो. फांदी फळांनी वाकते, कंबर वयानं. वाती, शेवया, सुंभ मात्र कुणीतरी बसून वळायचे. माळावर पांगलेली गुरंही वळूनच आणतात. रस्ता आणि नदी आपापली वळतात, पण तीही जागा बघून. या हिशेबात बोबडी तेवढी बसत नाही. ती कुणी वळत नाही, घाबरलं की आपोआप वळते. असो.

भाषेनं मात्र सगळं कौतुक वळणाला दिलंय. अक्षर वळणदार, आणि तेच जरा बिघडलं की वाकडंतिकडं. वाकडं तोंड, वाकडी नजर, वाकडं पाऊल, वाकड्यात शिरणं... चांगलं म्हणून काही शोधावं तर दंडातली वाकी आठवते, तीही आता लग्नापुरती. वाकड्याची बाजू घेतली ती चोखोबांनी. ऊस डोंगा असला तरी रस डोंगा नसतो, हे त्यांचं म्हणणं. डोंगा म्हणजे वाकडाच. हा शब्द माझ्या तरी कानावर त्या अभंगाबाहेर कधी पडलेला नाही.

अक्षराच्या वळणाचा खरा थाट बघावा तो मोडीत. तिथे वळणाला नावंसुद्धा होती. चिटणिशी वळण म्हटलं की जाणकाराला कळे कशा धाटणीचं अक्षर ते. आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरू होता होईल तो न उचलता लिहीत जायचं. हात उचलायचाच नाही म्हटल्यावर अक्षराला वळण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे जे आपल्याला नक्षीदार वाटतं, ते मुळात कारकुनाच्या घाईतून आलेलं.

मुलांना लावायचं ते वळण मला तितकंसं आवडत नाही. लहानपणी "हिला काही वळण नाही" हे वाक्य आमच्याकडे मी आणि माझ्या बहिणींनीच ऐकलं. दादा पसारा तसाच टाकून खेळायला गेला की तो नुसता "धांदरट" असायचा. आणि वळण लावणं म्हणजे तरी काय, तर पुष्कळदा नुसतं दाबणंच. चार बोटांचे चार खड्डे.

संध्याकाळपर्यंत लाडू झाले. आईचे एका डब्यात, माझे दुसऱ्यात. पाहुण्यांना कोणत्या डब्यातले द्यायचे हे कुणी विचारलं नाही. डाव आईनं पाट्यावर आडवा धरून बत्त्यानं ठोकला आणि बराचसा सरळ केला. तरी रात्री आमटी वाढताना तो जरा डावीकडे कलत होता, आणि दादाच्या ताटात दर वेळी एक ओघळ जास्त पडत होता.