कुंपणातलं खिंडार

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या बंगल्यामध्ये कोयनेलचं कुंपण होतं आणि त्या कुंपणाला, बागेतल्या नळाच्या जरा पुढे, एक खिंडार होतं. ते कुणी पाडलं नव्हतं. आधी मांजर, मग चेंडू, मग चेंडू आणायला गेलेली पोरं, असं ते रुंदावत गेलं असावं. माळी कुंपण कातरायचा तेव्हा तेवढी जागा बिनबोभाट सोडायचा.

सांगलीत विश्रामबागला राहतो म्हटलं की लोक म्हणतात, 'मजा आहे, झाडं आहेत.' आहेत खरी. पण झाडांतली वस्ती मुद्दाम आखावी लागते, हे मला फार उशिरा, वाचताना कळलं. लंडनमध्ये संसदेतली भाषणं टिपून घेणाऱ्या एबेनेझर हॉवर्ड नावाच्या लघुलेखकानं १८९८ साली उद्याननगरीची कल्पना पुस्तकातून मांडली. गावाचं आणि शहराचं लग्नच लावायला निघाला होता गडी! पुढे १९०७ मध्ये हेन्रिएटा बार्नेट या बाईंनी हॅम्पस्टेडला तशाच धर्तीवर उपनगर उभं करायला घेतलं. एकरी सरासरी आठच घरं, रस्त्याच्या कडेला झाडं. आणि दोन घरांमध्ये भिंत नाही, झुडपांचं कुंपण. बाईंनी हे तत्त्व म्हणूनच ठरवलं होतं. खिंडाराबद्दल मात्र कुठे काही लिहिलेलं सापडलं नाही.

२०१९ च्या पुरात गावभागातले आमचे नातेवाईक इकडे राहायला आले. एका रात्रीत चौदा माणसं. तेव्हा काकूंच्या गाद्या, त्यांचा मोठा कुकर आणि खुद्द काकू, सगळं त्या खिंडारातूनच आलं. पदर कोयनेलात अडकला म्हणून त्यांनी माळ्याचा उद्धारही केला.

गेल्या वर्षी कुंपणात धामण निघाली. ती बिनविषारी असते, उंदीर खाते, हे सगळं मी घरात सांगून पाहिलं. ''मग सोडायला तूच जात जा तिला गेटपर्यंत,'' आई म्हणाली. आठ दिवसांत पाच फुटी भिंत उभी राहिली. काकू नुसत्या ''बरं झालं'' म्हणाल्या. त्या 'बरं झालं'चा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

परवा त्यांच्याकडून गाजराचा हलवा आला, वाटीवर ताटली झाकून, रस्त्यानं. पूर्वी वाटी उघडीच यायची. ती धुऊन ओट्यावर पालथी घातली आहे, तिला आज चौथा दिवस. रिकामी परत करायची नाही म्हणून आई काहीतरी करायच्या विचारात आहे.