वॉटर्लू: टेकडी शेवटी चढा

वॉटर्लूला जाणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे वॉटर्लू स्टेशनवर उतरणं. नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला ती १८ जून १८१५ ची लढाई बेल्जियममधल्या त्या गावात झालीच नाही. त्याला हरवणारा इंग्रज सेनापती वेलिंग्टन याचा मुक्काम तिथे होता आणि विजयाचा खलिता तिथून निघाला, म्हणून नाव चिकटलं. रणांगण तिथून चार-पाच किलोमीटर दक्षिणेला आहे. ब्रसेल्सहून ब्रेन-लालूदची गाडी धरा, पुढे अर्धा तास चालायचं.

मी भाच्याबरोबर गेलो. तो तिकडेच नोकरीला आहे. आदल्या रात्री पाऊस झाला होता, म्हणजे १८१५ च्या १७ जूनच्या रात्रीसारखीच अवस्था. "मामा, हे बूट घालून येणारेस?" असं त्याने विचारलं होतं. मी ऐकलं नाही. शेतातल्या वाटेवर शंभर पावलांत दोन्ही बुटांना किलोभर चिखल लागला. त्याच चिखलापायी नेपोलियनच्या तोफा पुढे नेणं अवघड झालं होतं, हे तेव्हा पायांनाच समजलं. जाड तळव्याचे, जुने बूट घाला.

तिकीट एकत्रित मिळतं: भूमिगत संग्रहालय, लढाईचं १९१२ चं गोल, चहूबाजूंनी दिसणारं चित्र, सिंहाची टेकडी आणि ऊगोमोंचा वाडा. बहुतेक लोक आधी २२६ पायऱ्या चढून टेकडीवर जातात. आम्ही उलटं केलं आणि तेच बरं झालं. वरून सगळं नीट, नकाशासारखं दिसतं. लढणाऱ्यांपैकी कुणालाच ते तसं दिसलं नव्हतं. शिवाय टेकडी १८२६ मध्ये पूर्ण झाली तीच मुळी इंग्रजांच्या आघाडीची माती उपसून. मूळ उंचवट्याचा आकारच गेला.

म्हणून आधी ऊगोमों, इंग्रजांनी लढवलेला वाडा. मॅथ्यू क्ले नावाच्या साध्या इंग्रज शिपायाची आठवण मी मोबाइलवर घेऊन गेलो होतो. तो आणि त्याचा एक वयस्क सोबती वाड्याबाहेर मागे राहिले. फाटक उघडं दिसलं तसे आत धावले. फाटकाची गोळ्यांनी चाळण झालेली, दारातच फ्रेंचांची प्रेतं, आणि मॅकडोनेल हा अधिकारी स्वतः एक मोठं लाकूड उचलून फाटक बंद करायला निघालेला. त्याच उत्तरेच्या फाटकापाशी उभं राहून हे वाचा. मग बागेची भिंत बघा, बंदुकीसाठी पाडलेली भोकं अजून आहेत. चॅपेलातल्या ख्रिस्ताच्या लाकडी मूर्तीचे पाय जळलेत; आग तिथवर येऊन थांबली.

तिथून उंचवट्यावर. इथे इंग्रज तोफखान्याच्या कॅप्टन मर्सरची आठवण वाचायची. तोफखाना घेऊन तो धुरात शिरला तेव्हा हवेत भुंग्यांच्या थव्यासारखी गुणगुण ऐकू येत होती. पहिल्यांदाच लढाई पाहणारा पथकाचा डॉक्टर कुतूहलाने विचारत होता, हा आवाज कसला? तेवढ्यात एक तोफगोळा जवळून सणसणत गेला. हे वाचताना भाचा हसला, मग गप्प झाला. पुढे फ्रेंच घोडदळ चालून आलं. हुकूम होता की तोफा सोडून पायदळाच्या चौकोनात (घोडदळाला थोपवायला चारी बाजूंनी तोंड करून उभ्या रांगांत) शिरा. मर्सरने तो मोडला, कारण शेजारची ब्रन्सविक या मित्र जर्मन संस्थानाची कोवळी पोरं आधीच डगमगत होती. गोलंदाज पळताना दिसले असते तर तीही पळाली असती.

सगळ्यांचं म्हणणं जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. वेलिंग्टनच्या खलित्यात हल्ला दहाच्या सुमारास सुरू होतो, इतर बरेच जण साडेअकरा सांगतात. १८३० च्या दशकात सायबॉर्न नावाच्या लेफ्टनंटने रणांगणाचा देखावा बनवण्यासाठी हयात अधिकाऱ्यांना पत्रं धाडून कोण कुठे होतं ते विचारलं, तेव्हा उत्तरांत विसंगतींचा ढीग पडला. वेलिंग्टनला हे आधीच ठाऊक होतं. लढाईचा इतिहास नाचाच्या समारंभासारखा असतो, असं त्याने १८१५ मध्येच लिहिलं होतं: प्रसंग आठवतात, क्रम कुणालाच आठवत नाही.

हाच माणूस १८०३ मध्ये आमच्या जालना जिल्ह्यात असईला लढला होता. मी तिथे अजून गेलेलो नाही, हे भाच्याला सांगताना ओशाळलो.

टेकडीवर चारच्या सुमारास पोचलो. वारा भन्नाट असतो, टोपी खिशात ठेवा. भाच्याने विचारलं, "क्ले कुठे होता रे?" झाडांमागे वाड्याचं छप्पर तेवढं दिसत होतं, फाटक नाही.