आमची वाटचाल : ‘हँग’च्या वेळा टिपणारी वही

कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही दुकान थाटलं ते कॉम्प्युटर जोडून विकायला. पुढे ऑनलाइन खरेदीमुळे त्यात राम उरला नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवरची पॅकेजेस मोडीत निघाली, गल्लोगल्ली नवी बिलिंग-स्टॉक सॉफ्टवेअर बसली. त्यामागोमाग फोन सुरू झाले, “सायेब, परत अडकलंय बघा. या की लगेच!”

आम्ही पोचेपर्यंत सगळं सुरळीत. ठार बंद पडलेलं मशीन परवडलं; मधूनच मिनिटभर गोठून पुन्हा शहाण्यासारखं चालणारं नको. बाजारातला ठरलेला उपाय म्हणजे रॅम वाढवा, नाहीतर फॉरमॅट मारा. पैसे मिळतात, तक्रार तशीच राहते. आम्ही गिऱ्हाइकाच्या टेबलावर वही ठेवायला लागलो. अडकलं की वेळ लिहायची, एकच मशीन अडकलं की सगळी, आणि त्या घडीला कोण काय करत होतं.

पहिला उलगडा मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीत झाला. सौदे उरकले की पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीचे हिशेब, करायची घाई, शेतकरी दारात उभे, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन पांढरी. वहीत दिसलं, की दर वेळी त्याच सुमारास आतल्या खोलीत मालक वर्षभराचा स्टॉक रिपोर्ट काढत होते! डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसवर होता. रिपोर्ट वाचून होईपर्यंत नोंदींवर लॉक, तोवर दिवाणजींची पट्टी सेव्ह होईना. पॅकेजवाल्यांशी बोलून डेटाबेसमधली ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ ही सेटिंग चालू केली. आता रिपोर्ट नोंदींची आधीची प्रत वाचतो, लिहिणाऱ्याला अडवत नाही. एसक्यूएल सर्व्हरची ही फुकट आवृत्ती डेटा धरून ठेवायला १४१० एमबीच मेमरी वापरते. तिथे रॅमची पट्टी विकली असती तर ती नुसती शोभेला राहिली असती.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मात्र वहीत सगळी मशीन एकदम अडकलेली दिसत होती. म्हणजे सॉफ्टवेअर सोडा, वायर बघा. सगळी मशीन एकमेकांना जोडणारा जो डबा, त्या नेटवर्क स्विचसमोर मुलाला स्टूल टाकून बसवलं. शेडमधला मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला, ट्यूबलाइट क्षणभर मंदावली आणि स्विचचे हिरवे दिवे सगळे एकदम विझून पुन्हा लागले. कॉम्प्युटर यूपीएसवर होते, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. स्विच साध्या प्लगवर. त्याची पिन यूपीएसमध्ये घातली, काम झालं. बिल किती लावायचं यावर आमच्यातच वाद झाला.

बाकीची कारणं नेहमीची. अँटिव्हायरस भर दुपारी डेटाच्या फाइली चाळत असतो, किंवा वीज वाचवायला विंडोज नेटवर्क कार्ड झोपवतं. एकीकडे तर डिफॉल्ट ठेवलेला प्रिंटर गेल्या वर्षीच भंगारात गेला होता. बिल उघडताना पॅकेज त्यालाच शोधत बसायचं.

आता वार्षिक करार करताना वहीची अट लेखी घालतो. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, या दिवसांच्या आसपास कुठल्याही सेटिंगला हात लावत नाही. गिऱ्हाईक कितीही गरम झालं तरी. नोंदी न लिहिणाऱ्याकडे व्हिजिटचे पैसे वेगळे लागतात. काहींना ते झोंबतं, दोघंतिघं सोडूनही गेले. पण सध्या नवी कामं येतात ती बहुतेक यार्डातल्या आणि शिरोलीतल्या लोकांच्या सांगण्यावरूनच.