मुका मार म्हणून सोडलेले मनगट

आंब्याच्या झाडावरून पडून पाच महिने उलटल्यावर ते गृहस्थ माझ्याकडे आले, तेही मनगटासाठी नव्हे, तर अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री येणाऱ्या मुंग्यांसाठी. पडल्यावर काढलेल्या एक्स-रेत हाड मोडलेले दिसले नव्हते, म्हणून मुका मार समजून त्यांना कच्चे प्लास्टर घातले गेले होते. तो जुना एक्स-रे त्यांच्या पिशवीतच होता. समोरून घेतलेल्या चित्रात हाडांच्या कमानी जराशा विस्कटलेल्या होत्या. बाजूने घेतलेल्या चित्रात मात्र चंद्रकोरीसारखे ल्युनेट हे हाड कलंडलेल्या कपाप्रमाणे तळहाताकडे झुकलेले स्पष्ट दिसत होते.

मनगटातल्या ८ लहान हाडांमधले हाड असे निखळण्याची ही इजा मुख्यतः अस्थिबंधांची, म्हणजे हाडे एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांची असते, त्यामुळे फ्रॅक्चर शोधणाऱ्या नजरेला ती चकवते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या १६६ रुग्णांच्या अभ्यासात अशा सुमारे २५ टक्के इजा सुरुवातीला निसटल्याचे आढळले होते, म्हणून आधीच्या डॉक्टरांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

ताज्या इजेत हात ताणून हाड जागेवर आणता येते आणि नंतर अस्थिबंध शिवता येतात. काही महिन्यांनंतर रिकाम्या जागेत घट्ट व्रणऊती भरलेली असते, भोवतालचे आवरण आखडलेले असते आणि ल्युनेटला लागून असलेले कॅपिटेट हाड वर, रेडियसच्या (अंगठ्याच्या बाजूच्या कोपराखालच्या हाडाच्या) दिशेने सरकलेले असते. अशा वेळी मनगटाच्या पाठीवर आणि तळहाताच्या बाजूला असे दोन छेद घेऊन, सरकलेल्या हाडाने दबलेली, बोटांना मुंग्या आणणारी नस मोकळी करून हाडे पुन्हा जुळवता येतात व तारांनी धरून ठेवता येतात, पण त्यासाठी कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, शाबूत हवी. खरा निर्णय मनगट उघडल्यावरच होतो, म्हणून हाडे जुळवणे किंवा काही हाडे काढून टाकणे अशा दोन्ही शक्यता सांगून मी आधीच संमती घेतली होती.

त्यांच्या ल्युनेटची कूर्चा झिजली होती, कॅपिटेटचे डोके मात्र गुळगुळीत होते. त्यामुळे मी मनगटाच्या वरच्या ओळीतली तीन हाडे काढून कॅपिटेट थेट रेडियसच्या खोबणीत बसवले. कॅपिटेटही खराब असते, तर सांधा कायमचा जखडण्यावाचून फारसा पर्याय उरला नसता.

मुंग्या काही आठवड्यांत ओसरल्या. मनगट आता साधारण निम्मेच वाकते, कोयता धरता येतो. जमिनीवरून उठताना मात्र ते तळवा न टेकवता मूठ टेकवतात.