एथिक्स कमिटी, तीन भाषांचे फॉर्म आणि आतड्यातले जिवाणू

माझ्या पीएच.डी.त यंत्रं अडली नाहीत, अडला तो संमतीपत्राचा फॉर्म. आतड्यातले जिवाणू ब्युटिरेट, टीएमए (ट्रायमिथाइलअमीन) असे पदार्थ बनवतात. त्यांचा हृदयविकार-मधुमेहाशी संबंध शोधायचा तर माणसांचं रक्त आणि संडासचे नमुने लागतात, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी आलीच. कोर्सवर्क, सिनॉप्सिस, गाइडच्या सह्या यांवर लिहिण्यासारखं काही नाही.

बेळगावात फॉर्म तीन भाषांत करावा लागतो. कमिटीसाठी इंग्रजी, खानापूर-येळ्ळूरकडच्यांसाठी मराठी, बैलहोंगल-गोकाककडच्यांसाठी कन्नड. चंदगडहून इथल्या दवाखान्यात येणारे पुन्हा मराठीवाले. सोबत उलट-भाषांतर, म्हणजे मूळ इंग्रजी न बघता दुसऱ्या कुणीतरी मराठी-कन्नड फॉर्म परत इंग्रजीत आणायचा. इथवर ठीक. खरी मेख पानाच्या तळाशी असते, आवृत्ती क्रमांक आणि तारीख. कमिटीने इंग्रजीतलं एक वाक्य बदलायला लावलं की प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), तिन्ही फॉर्म आणि भाषांतराचे दाखले, सगळ्यांची आवृत्ती एकदम बदलावी लागते. मराठीवर ३ आणि कन्नडवर चुकून २ राहिला की अख्खी फाइल परत, तीही थेट पुढच्या बैठकीला. बैठकीला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान पाच सदस्य हजर हवेत, त्यात संस्थेबाहेरचे आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचेही. बाहेरचे वकीलसाहेब कोर्टात अडकले की बैठक पुढे ढकलली. तळाच्या एका आकड्यासाठी हे मला आजही पटत नाही. त्यामुळे फाइल देण्याआधी फक्त पानांचे तळ वाचायला एक माणूस बसवा. मजकूर त्याने वाचूच नये.

उरलेल्या नमुन्याचं काय करणार, हा कमिटीचा प्रश्न मात्र रास्त असतो. 'पुढील संशोधनासाठी वापरू' एवढ्यावर भागत नाही. तीन चौकटी द्या: नष्ट करा, याच आजारासाठी ठेवा, कुठल्याही संशोधनासाठी ठेवा. कुणी मधेच माघार घेतली तर नमुन्याचं काय होणार तेही लिहा. नमुने पुण्याला किंवा बेंगळुरूला जाणार असतील तर त्या लॅबबरोबरचा करार जोडा. परदेशी लॅब भागीदार असेल तर एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, परवानगी वेगळी.

वाचता न येणाऱ्या मावशींचा अंगठा घेताना निष्पक्ष साक्षीदाराची सही लागते. त्यांना घेऊन आलेल्या आशाताई तुमच्या अभ्यासात काम करत असतील तर त्या साक्षीदार चालणार नाहीत.

आता नमुन्यांचं. डब्यात पडल्यावरही जिवाणू आंबवणं थांबवत नाहीत, म्हणून बाहेर राहिलेल्या नमुन्यात ब्युटिरेट, ॲसिटेट खोटं वाढलेलं दिसतं. लगेच बर्फात, मग उणे ८० अंशांत. आधीच छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, कारण पुन्हा पुन्हा वितळवलेला नमुना भरवशाचा राहत नाही. डीएनएची नळी वेगळीच. तिच्या द्रावातले क्षार आणि साबणासारखे पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला, घातक. ब्युटिरेट-ॲसिटेट आम्ल घालून ईथरमध्ये काढताना नळी थंड, झाकण घट्ट. आम्लयुक्त अर्क वाळवलात तर ब्युटिरिक आम्ल उडून जातं. वाळवायचंच असेल तर आधी सोडियम हायड्रॉक्साइडने अल्कधर्मी करा. अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात मुद्दाम घालायचा पदार्थ), उदाहरणार्थ २-इथाइलब्युटिरिक आम्ल, अर्क काढण्याआधी घाला; नंतर घातलं तर आधीची गळती कळतच नाही. निकाल कोरड्या वजनावर मांडा, पातळ आणि घट्ट नमुन्यांची तुलना ओल्या वजनावर फसते.

हे फॉर्ममध्येच घालायला हवं होतं, आत्ता आठवलं: अलीकडे घेतलेली अँटिबायोटिक्स विचारा, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासा आणि मासे कधी खाल्ले ते विचारा. अंडी-मटणातल्या कोलीन-कार्निटीनपासून जिवाणू टीएमए करतात आणि यकृतातलं एफएमओ३ हे विकर (एन्झाइम) त्याचं टीएमएओ करतं, ज्याचा संबंध हृदयविकाराशी जोडतात. समुद्री माशांत मात्र टीएमएओ तयारच असतं, आणि मूत्रपिंड कमजोर असलं की रक्तात ते साठतं. रविवारी गोव्याचा बांगडा खाऊन सोमवारी उपाशीपोटी आलेले काका म्हणून हृदयरोगी ठरत नाहीत. रक्त घ्यायचा वार सोमवार ठेवू नका.